पाणखारचा सातबारा

कादंबरी लिहितोय असं सांगितलं की लोक विचारतात, 'किती झाली?' याचं उत्तर मी आकड्यांत देऊ शकतो. आकडे हाच माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. चार वह्या आणि सदतीस पानं. सदतीस पानं कादंबरीची आणि चार वह्या ती जिथे घडते त्या गावाच्या. गावाचं नाव पाणखार. हे गाव कुठल्याही नकाशावर नाही. पण तिथल्या खाडीला उधाण कुठल्या तिथीला येतं, खारबांधाला उघाड्या किती, जत्रेची वर्गणी घरटी किती आणि कुठल्या घराचं कुठल्या घरी जाणंयेणं बंद आहे, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे.

मी भिवंडी तालुक्यातल्या एका गोदामात इन्व्हेंटरी बघतो. पावणेपाचला उठतो, चहा करतो आणि सहापर्यंत लिहितो. आमचं गाव खाडीच्या अंगाला आहे. त्या वेळी मागच्या आळीतल्या यंत्रमागांची खटखट चालू असते. ती लहानपणापासून कानात इतकी मुरलेली आहे की वीज जाऊन माग थांबले की मला जाग येते. सहाला वही मिटायची, डबा भरायचा, बाइक काढायची. रस्त्यावर मेट्रो पाचचे खांब, त्यांच्या दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि कंटेनरच्या मधल्या फटींतून आम्ही. या रस्त्यावर मला बऱ्याच गोष्टी सुचतात, कारण हात क्लचवर अडकलेले असतात आणि त्या लिहून ठेवता येत नाहीत. गोदामाच्या गेटपर्यंत ज्या टिकतात त्या चांगल्या, असा माझा एक साधा हिशेब आहे.

गोदामात प्रत्येक वस्तूला पत्ता असतो. ए-१७-०३-ब म्हणजे ए विभाग, सतरावी रांग, तिसरा मजला, ब खण. माल आला की पिकरच्या हातातला स्कॅनर 'टिक' करतो आणि त्या खोक्याला पत्ता मिळतो. पत्ता चुकला की खोका डोळ्यांसमोर असूनही सिस्टीमच्या लेखी नसतो. आणि सिस्टीममध्ये असलेला, पण रॅकवर नसलेला खोका महिनोन् महिने 'असतो'. दर तीन महिन्यांनी आम्ही मोजणी करतो, कागद आणि माल समोरासमोर ठेवतो, फरक काढतो. मला हे काम मनापासून आवडतं. पाणखारच्या वह्याही मी याच पद्धतीने ठेवतो: एक माणूस दोन ठिकाणी नको, आणि मेलेली म्हैस पुढच्या प्रकरणात दूध द्यायला नको.

गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत मी अनेकदा एकाच प्रश्नाकडे येतो. ही गोदामं इथेच का? भातशेतीच्या या सपाट पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असायचं, तिथे अख्ख्या देशाचे साबण, फ्रीज, पुस्तकं आणि बाळांचे डायपर येऊन का थांबतात? उत्तरातला मोठा भाग एका नियमाचा आहे. मुंबई महापालिका हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेत असे. म्हणजे माल हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात ठेवायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तसा आत न्यायचा. भिवंडीची गावं हद्दीपासून जवळ, नाशिककडे जाणारा हायवे हाताशी, जमीन स्वस्त. गोदामं उभी राहिली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामं मात्र राहिली, वाढली. नियम मेला, त्याने उभं केलेलं जग जिवंत राहिलं.

मागांचंही तसंच. पन्नासच्या दशकापासून सरकारने गिरण्यांच्या मागांच्या वाढीवर बंधनं घातली, आणि लहान मागवाल्यांवर करांचा भार हलका राहिला. कापड गिरणीतून निघून गल्लीत आलं. पुढे १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांचं काम आणखी इकडे सरकलं. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही इथे आले. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथले कोकणी मुसलमान, आम्ही आगरी, या सगळ्यांचं शेजारपण कुणी ठरवून केलेलं नाही. दूर कुठेतरी एका कागदावर एक ओळ लिहिली गेली आणि इथे बिशीत पन्नास माणसांचा भात शिजायला लागला.

नवं जग रचायचं तर आधी काय लागतं, याबद्दल मी बरंच वाचलं. टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या वेळी नकाशा आधी केला आणि गोष्ट त्यात बसवली. आर. के. नारायण यांचं मालगुडी १९३५ सालच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'पासून आहे आणि लोक अजूनही ते कुठलं स्टेशन म्हणून विचारतात. आपल्याकडेही हे नवं नाही. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. मराठीतली ती पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात, आणि तिच्या नावातला गडच कल्पित आहे. खऱ्या शिवकाळात न बांधलेला किल्ला उभा करावा असं त्यांना वाटलं, याचा मला फार आधार वाटतो. सह्याद्रीत किल्ले काय कमी होते? पण खऱ्या किल्ल्यावर खरा किल्लेदार असतो, त्याचे वंशज असतात. कल्पित गडावर लेखकाला मोकळं फिरता येतं.

भिवंडीने मला शिकवलं ते थोडं वेगळं. नकाशाच्या आधी नियम लागतो, आणि त्या नियमाची किंमत कोण मोजतं ते ठाऊक असावं लागतं. म्हणून पाणखारच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नकाशा नाही, एक वाक्य आहे: 'उधाणाच्या रात्री जो बांधावर येईल, त्याचा जमिनीवर हक्क.'

हे वाक्य हवेतून आलेलं नाही. खाडीकाठची शेती म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. मातीचा बांध घालायचा, भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाचं गोडं पाणी आत अडवायचं, जास्तीचं उघाडीतून ओहोटीला सोडायचं. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत आलं की ते पीक गेलंच, पुढचीही काही वर्षं जातात. म्हणून बांध कुणी सांभाळायचा हा इथला सगळ्यात जुना प्रश्न. जुन्या शिलोत्री पद्धतीत बांध घालणाऱ्याने तो राखायचा आणि त्याबदल्यात कसणाऱ्याकडून धान्य घ्यायचं. देणारा आणि राखणारा यांच्यात तंटे होणारच. आणि कसणाऱ्याने हात आखडला तर काय होतं, तेही आगऱ्यांनी दाखवलेलं आहे. अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. तो संप सहा वर्षं चालला. सहा पावसाळे लावणी नाही. माझ्या चारही वह्यांत इतकं धाडसी काही मला सुचलेलं नाही.

बायको माझी पहिली वाचक. तिने दुसरी वही वाचून एकच विचारलं, "पाणखारमध्ये बायका बांधावर जातात का?" मी म्हटलं, जात असणारच. ती म्हणाली, "मग हक्क कुणाच्या नावावर लागतो?" वहीत त्याची नोंद नव्हती. तेव्हापासून तिसऱ्या वहीत एक रकाना वाढला आहे.

भाषेचं कोडंही रोजचं आहे. गोदामात हिंदी चालते, तीही प्रत्येकाची वेगळी. घरी आई आगरी बोलते. मी लिहितो ती तिसरीच, शाळेत भेटलेली मराठी. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका'त १९६५ साली नाक्यावरची बोली जशीच्या तशी कागदावर आणली तेव्हा गदारोळ झाला होता. आज गदारोळ होणार नाही, पण अडचण राहते: संवाद आगरीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं की निवेदक आपोआप साहेब होतो, फाइल घेऊन शेतावर आलेला. मी सदतीस पानांत हे तीनदा बदललं आहे. सध्या निवेदकाच्या तोंडी बांध, खांड, उडवी, आवण हे शब्द न समजावता ठेवले आहेत. वाचणाऱ्याला कळतील. नाही कळले तरी पाऊस पडतोय एवढं कळेल.

पाणखारच्या शेतांना नावं हवी होती, तेव्हा मी आईकडे गेलो. आमची शेतं आता नाहीत. त्यांच्यावर पत्र्याची शेड आहेत, आणि सातबाऱ्यावर उरलेत गट नंबर आणि हिस्से. पण शेत कसणारा माणूस त्याला नंबराने हाक मारत नाही. आईने भाकऱ्या थापता थापता नावं सांगितली: लांबट, वडाखालचं, उखळी, दोन बांधांतलं, जिताड्याचं (तिथे पाणी उतरताना जिताडा सापडायचा). मी कागदावर खाडी काढली, बांध काढला, आणि ती पिठाच्या बोटाने जागा दाखवत गेली. आठ नावं झाली. ही नावं कुठल्याही दफ्तरात नाहीत. ती तिच्या डोक्यात आहेत आणि आता माझ्या वहीत. नवव्या तुकड्यावर मात्र तिचं बोट थांबलं. "त्याचं नाव नको लिवूस," ती म्हणाली आणि तवा उतरवला.

त्या तुकड्यावरून माझे वडील आणि काका यांच्यात तुटलं, एवढं मला माहीत होतं. कसत होते वडील, कागदावर नाव काकांचं, आणि गोदामवाल्यांचे पैसे आले तेव्हा दोन घरांमधली भिंत आणखी एक वीट जाड झाली. मला वाटलं, आईला जुनं भांडण उकरायचं नसेल. मी नकाशात तो चौकोन रिकामा ठेवला.

महिन्याभराने चुलतभाऊ गोदामाच्या गेटवर भेटला. त्याचे दोन टेम्पो आमच्याकडे लागतात. आमच्या घरांचं बोलणं बंद असलं तरी आमचं गेटवर चालतं. त्याने कुठूनसं ऐकलं होतं. "आमचं पण लिहितोयस का?" मी म्हटलं, गाव कल्पित आहे. तो हसला. मग मीच त्याला मोबाइलमधला नकाशाचा फोटो दाखवला. त्याने रिकामा चौकोन मोठा करून पाहिला आणि अगदी सहज म्हणाला, "हे आत्याचं." मी विचारलं, कुणाचं? "आत्याचं. आमच्याकडे त्याला असंच म्हणतात. आजोबांनी तिला म्हटलेलं ना."

तो टेम्पो घेऊन गेला. मी तिथेच उभा राहिलो. दोन भाऊ ज्या तुकड्यासाठी वीस वर्षं बोलले नाहीत, तो दोघांचाही नव्हता, निदान बोलण्यातला तरी. दोन्ही घरांना हे माहीत होतं. एका घराने नाव वापरत ठेवलं आणि दुसऱ्याने गिळलं. आत्याने लग्नानंतर हक्कसोड करून दिली होती. बहिणी देतात, भावांचं घर उघडं राहावं म्हणून. २००५ साली वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण सही करून दिलेल्या कागदापुढे तो कायदा आमच्या घरात कधी कुणी मोठ्याने वाचला नाही. आत्या दर भाऊबीजेला खाडीपलीकडून येते. दोन्ही घरी ओवाळते. दोन्ही घरी चहा घेते, साखर कमी.

कल्पित गाव लेखकाला लपायला बरं, असं मला गुंजीकरांच्या गडावरून वाटत आलं होतं. पण शेतांची नावं मला खरीच ठेवायची आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही. आणि नावं खरी ठेवली की आमच्या दोन आळ्यांतलं कुणीही पान उघडून बोट ठेवील. गाव पाणखार असलं तरी 'आत्याचं' म्हणजे काय हे त्यांना कळेल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तिसऱ्या वहीतला रकाना भर.

या आठवड्यात पहाटे मी अडतिसावं पान लिहिलं. श्रावणी पुनवेचं उधाण आहे. पाणखारचे लोक कंदील घेऊन बांधावर जमतात, हजेरी होते. माणसं मोजून झाल्यावर काळोखातून एक बाई चालत येते. तिचं सासर दुसऱ्या गावात आहे. पदर खोचून, डोक्यावर मातीची पाटी घेऊन ती खांडीशी उभी राहते. गावाचा नियम सगळ्यांना पाठ आहे. तिचं नाव हजेरीत लिहायचं की नाही, हे विचारायला मुकादम दोन्ही भावांकडे बघतो. पुढचं पान अजून लिहायचंय. भाऊबीजेला अजून दोन महिने आहेत.