अण्णांच्या कवळीचा हिशेब

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

अण्णांच्या दातांचं पहिलं अंदाजपत्रक हातात आलं. लेटरहेडवर एकच ओळ: 'फुल माउथ इम्प्लांट, रु. ४,५०,०००.' इम्प्लांट किती, कुठल्या कंपनीचे, वरचे दात कायमचे बसणार की काढघालीचे, यातलं काहीच नाही. मी दिवसभर ऑफिसात लोकांची बिलं तपासते. एवढ्या रकमेचं बिल कुणी असं एका ओळीत आणलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. काउंटरवरच्या मुलीला तपशील मागितला. ती म्हणाली, "मॅडम, पॅकेज आहे. या महिन्यात बुक केलं तर दहा टक्के कमी होतील."

मुळात अण्णांचा त्रास निम्म्याच तोंडाचा आहे. वरची कवळी छान बसते. ती टाळूचा बराच भाग झाकते आणि लाळेच्या पातळ थराने धरून राहते. खालच्या कवळीला तो आधारच नाही. ती हिरडीच्या अरुंद कडेवर टेकते, मधे जीभ सतत हलते, घास घेतला की उचलली जाते. शिवाय दात गेले की त्यांच्या जागचं हाड झिजत जातं, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा सुमारे चौपट. त्यामुळे नवी कवळी केली तरी काही वर्षांत ती सैल होतेच.

परवा भोगीला अण्णांनी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाता येऊ नये, हे मला बघवत नाही. काहीतरी करायचंच आहे, पण समजून-उमजून.

१९ जानेवारी, रविवार

पुण्याहून दादाचा फोन. "घेऊन टाक ते पॅकेज, निम्मे मी देतो." म्हटलं, आधी आपण विकत काय घेतोय ते तरी कळू दे.

दुपारभर वाचत बसले. इम्प्लांट म्हणजे तीन वस्तू असतात. हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्याला फिक्स्चर म्हणतात. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड, तो अबटमेंट. आणि त्यावर बसणारी कॅप किंवा कवळी. 'इम्प्लांट फक्त इतक्या हजारांत' अशी पाटी दिसली की ती रक्कम तिन्हींची आहे का, हे विचारावं. बऱ्याचदा ती पहिल्या वस्तूचीच असते.

हा शोध लागला तो दातांसाठी नव्हेच. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट धरून बसलेलं. १९६५ साली त्यांनी योस्ता लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले तोवर ते वापरात होते, म्हणजे चाळीस वर्षं! हे वाचून मला हुरूप आला. वस्तू टिकाऊ आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो अण्णांना किती हव्यात आणि कशा हव्यात, एवढाच.

२५ जानेवारी, शनिवार

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते बेसल इम्प्लांट करतात. "काका, सोमवारी या, गुरुवारी दात घेऊन घरी जा," असं त्यांनी सांगितल्यावर अण्णांचा चेहरा उजळला.

पद्धत अशी: स्क्रू आणि जोड एकाच तुकड्याचे. ते हाडाच्या मऊ भागावर न विसंबता खोलवरच्या टणक थरात पकडतात. एका जबड्यात आठ-दहा बसवायचे आणि तीन दिवसांत सगळ्यांना बांधून ठेवणारी एकसंध दातांची ओळ चढवायची. हाड फार झिजलेल्यांना यात हाड भरून घ्यावं लागत नाही, हा मोठा फायदा. खालच्या जबड्याचे सांगितले रु. २,८०,०००.

मी विचारलं, "यातला एक सैल झाला तर?" डॉक्टर सरळ माणूस, आडपडदा न ठेवता बोलले. सगळे एकमेकांना बांधलेले असल्यामुळे कधीकधी पूर्ण ओळ उतरवावी लागते, आणि हे काम करणारे डॉक्टर गावोगाव मिळत नाहीत. नेहमीच्या दोन तुकड्यांच्या इम्प्लांटवर जेवढा दीर्घकाळचा अभ्यास झालाय, त्याच्या मानाने यावरचा फारच थोडा आहे. ज्याच्या जबड्यात हाडच उरलं नाही त्याने हा रस्ता जरूर पाहावा. अण्णांचं हाड उरलंय की नाही, ते अजून कुणी पाहिलंच नाही. दोन्ही अंदाजपत्रकं एका साध्या ओपीजीवर निघाली, म्हणजे जबड्याच्या सपाट एक्स-रेवर. त्यात हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज तिसऱ्या डॉक्टर, प्रॉस्थोडॉन्टिस्ट बाई. कवळ्या आणि कृत्रिम दात हाच त्यांचा विषय. त्यांनी पहिल्यांदा पैशाचं नावच काढलं नाही. अण्णांना विचारलं, "काका, नक्की काय खाता येत नाही?" अण्णा म्हणाले, "भाकरी, काकडी, हुरडा. आणि हसलं की खालची उडते, म्हणून हसत नाही." दुसरी गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

मग त्यांनी कवळी बोटाने हलवून पाहिली, हिरडी चाचपली आणि म्हणाल्या, "यांना अख्खं तोंड नकोय. खाली पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट पुरे. त्यावर कवळी टिचबटणासारखी बसेल. रात्री काढून धुवायची." २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते. खालचे सगळे दात गेलेल्यांना साधी कवळी देण्याऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय धरावा, असं त्यांनी तेव्हाच मांडलं. तेवीस वर्षं झाली. आधीच्या दोन्ही ठिकाणी हा पर्याय आमच्यासमोर ठेवलाही गेला नव्हता, याचा मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही. महाग पर्याय चुकीचा असतो असं नाही. पण स्वस्त पर्याय दाखवायचाच नाही, ही रुग्णाची फसवणूक आहे.

मधला रस्ताही त्यांनी सांगितला: चार इम्प्लांट आणि त्यावर न निघणारे दात. ऑल-ऑन-फोर म्हणतात ते. मागचे दोन तिरके घालतात, त्यामुळे हाड भरायची गरज टळते. खर्च रु. २,५०,०००च्या पुढे. कवळी काढघाल करणं ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी तो उत्तम. अण्णांना रात्री कवळी काढून ठेवायची सवय आहे, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे काढला, रु. २,५००. जबड्याचे हवे तिथले उभे काप पडद्यावर दिसतात. डॉक्टरांनी हनुवटीच्या दोन्ही बाजूंना माउस फिरवून दाखवलं. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस हाडातून येते आणि इथे बाहेर पडते. तिच्यापासून निदान २ मिलिमीटर लांब राहायचं. दोन्हीकडच्या नसांच्या मधल्या भागात हाड टिकून असतं, अण्णांचंही चांगलं आहे. हाड भरायचं कलम वाचलं, म्हणजे दहा-पंधरा हजार तिथेच वाचले.

अडलं दुसरीकडे. अण्णांच्या रक्तातल्या साखरेची तपासणी, एचबीएवनसी, ८.४ आली. "साडेसातच्या आत आणा, मग बोलू. आणि तंबाखू बंद," असं बजावून पाठवलं. साखर चढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग सहज होतो. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो. रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिनची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. एचबीएवनसीत साखरेची गेल्या तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणजे तेवढं थांबणं आलंच. दादाला कळवलं. तो म्हणाला, "पॅकेजवाल्यांनी शुगर विचारली होती का?" नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार

कंपनी कुठली, यावर आज घरात खल. डॉक्टरांनी दोन भाव दिलेत. कोरियन फिक्स्चर एकाला रु. २२,०००, स्विस रु. ४०,०००. बाकी सगळा खर्च सारखाच.

टायटॅनियम दोन्हींत चांगल्या प्रतीचं. पृष्ठभागही दोन्हींचा खरखरीत, हाडाला पकड मिळावी म्हणून वाळूचा मारा करून आम्लाने कोरलेला. मग १८,०००चा फरक कशाचा? अनेक दशकांच्या अभ्यासाचा, मापातल्या काटेकोरपणाचा आणि नावाचा, असं डॉक्टरांचं उत्तर. हाड मऊ किंवा कमी असेल, किंवा लगेच दात चढवायचे असतील तर त्या महागाचा आग्रह धरतात. अण्णांच्या हाडात कोरियनने भागेल, असं त्यांनी निःसंकोच सांगितलं. पांढरे झिर्कोनियाचे इम्प्लांटही असतात, धातूचं वावडं असलेल्यांसाठी. आपल्याला त्याची गरज नाही.

माझ्या मते खरा मुद्दा सुट्या भागांचा आहे. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, आतला खाचा वेगळा, तो फिरवायचा स्क्रूड्रायव्हरसुद्धा वेगळा. दहा वर्षांनी जोडाचा स्क्रू बदलायचा झाला आणि कंपनीचा माल भारतात येणंच थांबलं असेल तर हाडात पक्का बसलेला इम्प्लांटही निरुपयोगी. म्हणून फार स्वस्त, कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचा नको, एवढं मी ठरवून टाकलं. आणि 'लाइफटाइम वॉरंटी' असते ती बहुतेक वेळा फिक्स्चरची. ते निकामी झालं तर कंपनी दुसरं देईल. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा जोड, पुन्हा कवळी, त्याचे पैसे कोण देणार ते लिहून घ्यावं.

दादाने मुंबईच्या सरकारी दंत महाविद्यालयाचं सुचवलं. तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खूपच कमी येतो. मुंबईत राहत असतो तर मी तेच केलं असतं. पण चौऱ्याहत्तरीच्या माणसाने सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करत इतक्या खेपा घालायच्या, हे मला पटेना. आरोग्य विम्याचंही पाहिलं. अपघाताखेरीज दातांचा खर्च त्यात बसत नाही.

१० मे, शनिवार

एचबीएवनसी ७.२. अण्णांनी तंबाखूची डबी आपणहून माझ्या हातात दिली.

१७ मे, शनिवार

झालं. फक्त जागा बधिर केली, भूल नाही. डॉक्टरांनी मला आत बसू दिलं. ड्रिल सावकाश फिरतं, त्यावर सलाइनची धार अखंड. हाड तापलं तर त्याच्या पेशी मरतात आणि मग ते इम्प्लांटला धरत नाही. एकापेक्षा एक जाड ड्रिल घेत भोक मोठं केलं आणि शेवटी फिक्स्चर पान्याने आवळलं. पान्याच्या दांड्यावर आकडे होते, ३५वर थांबल्या. "मस्त पकड आहे," म्हणाल्या. टाके घातले. जुन्या कवळीला आतून कोरून मऊ अस्तर लावलं, म्हणजे खालच्या जखमेवर दाब नको.

फिक्स्चरच्या डबीवरची दोन स्टिकरं मी मागून घेतली: कंपनी, लांबी, व्यास, लॉट नंबर. ती अण्णांच्या फाइलमध्ये चिकटवली. उद्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर या कागदाशिवाय त्यांना काहीच कळणार नाही.

१५ जून, रविवार

शेजारच्या काकू आपलं अंदाजपत्रक घेऊन आल्या. त्यांची खालची डावी पहिली दाढ गेली आहे. "तुमच्या अण्णांनी केलं तेच करू का गं?" त्यांचं गणित निराळं आहे. एका दाढेसाठी ब्रिज रु. १५,०००, इम्प्लांट कॅपसकट रु. ३२,०००. ब्रिज करायचा तर दोन्ही शेजारचे दात घासून बारीक करावे लागतात. मी विचारलं, "शेजारच्या दातांचं काही काम झालंय का?" दोन्ही दात ठणठणीत. असे दात घासायला लावू नका म्हटलं, परवडत असेल तर इम्प्लांटच करा. त्या दातांचं रूट कॅनॉल होऊन आधीच कॅपा बसलेल्या असत्या तर मी ब्रिजच म्हटलं असतं. जास्त रेंगाळूही नका, असंही सांगितलं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी निम्म्याने कमी होऊ शकते, आणि समोरचा वरचा दात हळूहळू खाली उतरतो.

कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने आवळणार, तेही त्यांना विचारायला लावलंय. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथे सूज धरते. स्क्रूची कॅप कधीही उघडता येते.

२३ ऑगस्ट, शनिवार

हाडाने दोन्ही इम्प्लांट धरले. जोड बसवले, नवी कवळी आली. कवळीच्या आतल्या बाजूला नायलॉनच्या छोट्या टोप्या असतात: निळी सैल, गुलाबी मधली, पांढरी सर्वात घट्ट. डॉक्टरांनी निळीने सुरुवात केली, कारण अण्णांच्या बोटांत आता जोर कमी. कवळी बसताना 'टक्' असा आवाज आला. अण्णांनी ती काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. घरी आल्यावर काकडी मागितली आणि चावून खाल्ली, साल न काढता.

३१ ऑगस्ट, रविवार

हिशेब पुरा केला. सीबीसीटी २,५००. दोन फिक्स्चर शस्त्रक्रियेसह ४४,०००. दोन जोड १६,०००. कवळी १५,०००. औषधं आणि रक्ततपासण्या ३,२००. एकूण रु. ८०,७००. दादाने निम्मे पाठवले.

पुढचा खर्च वेगळ्या पानावर लिहिलाय. टोप्या झिजतात, वर्षाच्या आसपास बदलाव्या लागतील, जोडीला हजार-दीड हजार. सहा महिन्यांनी तपासणी. जोडांभोवतीची हिरडी रोज मऊ ब्रशने साफ करायची, नाहीतर तिथे सूज येऊन हाड खाली जातं आणि सगळा खर्च पाण्यात. तो ब्रश अण्णांनी आपल्या दाढीच्या सामानात ठेवलाय. काकूंचं फिक्स्चर बुधवारी बसतंय. स्टिकर मागून घ्यायला त्यांना सांगितलं आहे.