पट्टी आणि पाटी

मराठी भाषेत ‘पट्टी’ हा शब्द दोन ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरतो. शाळेत ती सरळ रेघ ओढण्याचे साधन असते. ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या दप्तरात ती कराची आकारणी असते. घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द सामान्य माणसाच्या तोंडी इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे न्यायान्यायाचा काही प्रश्न दडलेला असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः जमिनीच्या वा घराच्या मोलावर बसवलेल्या पट्टीतून मुलाच्या हाती पाटी यावी, ही कल्पना महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुनी आहे. आणि तिच्याविषयीची तक्रारही जवळजवळ तितकीच जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेतला जाऊ लागला. १८६९ च्या कायद्याने या वसुलीला अधिकृत स्वरूप मिळाले. या आण्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते व इतर लोकोपयोगी कामांसाठी, अशी त्याची वाटणी होती. म्हणजे कुणब्याने सारा तर भरायचाच, त्यावर त्याचा सोळावा हिस्सा आणखी मोजायचा, आणि त्यातला काही अंश शाळेच्या रूपाने आपल्या गावी परत येईल अशी आशा बाळगायची.

ही आशा कितपत सफल झाली, याचा जाब जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात मागितला. शिक्षणाच्या नावाने खास कर वसूल होतो, परंतु तो ज्या हेतूने घेतला जातो त्या हेतूसाठी खर्च होत नाही, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे होते. इलाख्यातील सुमारे नऊ दशांश गावांमध्ये, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कोणतीही तरतूद नाही, असे सांगितले जाते, याकडे त्यांनी आयोगाचे लक्ष वेधले. घाम गाळणाऱ्यांनी भरलेल्या महसुलावर वरिष्ठ वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. फुले यांच्या गद्यातील आवेश, उपरोध आणि बोलीचा रांगडेपणा यांविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. त्या आवेशाच्या मुळाशी एक काटेकोर हिशेबनीस बसला आहे, ही गोष्टही तितक्याच अगत्याने ध्यानात घ्यावयास हवी. कोणी किती दिले आणि कोणाला काय मिळाले, हा प्रश्न त्यांच्या लेखी नैतिक होता. म्हणूनच तो आकड्यांचाही होता.

हंटर आयोगाने ग्रामीण व नागरी शाळांच्या निधीचे हिशेब वेगळे ठेवावेत, खेड्याचा पैसा शहराच्या शाळेवर खर्च होऊ नये, अशी शिफारस केली. तक्रारीचा एक भाग तिने मान्य केला. परंतु जे गाव गरीब आहे, ज्याचा साराच थोडा आहे, त्याच्या वाट्याला येणारा फंडही थोडाच राहणार, ही अडचण केवळ हिशेब वेगळे करून सुटणारी नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात या अडचणीची जाण दिसते. स्थानिक संस्थांना शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा असावी, परंतु खर्चाचा एक वाटा त्यांनी उचलला तर दोन वाटे सरकारने उचलावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

फुले यांची तक्रार अशी की, गावाचा पैसा गावाबाहेर जातो. याच्या नेमकी उलट दिसणारी तक्रार अमेरिकेतील टेक्सास राज्यातून पुढे आली. तेथे सॅन अँटोनियो शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स असे दोन शालेय जिल्हे आहेत. पहिल्यात बहुसंख्य वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची, दुसऱ्यात संपन्न गोऱ्यांची. १९६७-६८ साली एजवुडचे रहिवासी मालमत्तेच्या आकारलेल्या मूल्याच्या दर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत आणि त्यातून एका विद्यार्थ्यामागे अवघे २६ डॉलर जमत. अलामो हाइट्समध्ये कराचा दर केवळ ०.८५ डॉलर असूनही एका विद्यार्थ्यामागे ३३३ डॉलर गोळा होत. अधिक दराने कर भरणाऱ्याच्या मुलाला कमी मिळावे, याचे कारण एवढेच की त्याच्या शेजाऱ्यांची घरे स्वस्त होती. डेमेट्रिओ रॉड्रिगेज या पालकाच्या नावाने चाललेला हा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. संघराज्याच्या संविधानाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानलेला नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. पुढे १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था राज्याच्या संविधानाशी विसंगत ठरवली, आणि १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या उत्पन्नाचा काही भाग गरीब जिल्ह्यांकडे वळवणारा कायदा झाला.

एकीकडे पैसा बाहेर गेला म्हणून अन्याय, दुसरीकडे पैसा जागीच राहिला म्हणून अन्याय. या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात. तथापि त्यांचे मूळ एकच आहे. मूल कोठे जन्मले, त्याच्या गावाचा सारा किती, त्याच्या आळीतील घरांचे मोल किती, यांवर त्याच्या पाटीचा आकार ठरू नये, हेच दोन्ही ठिकाणी सांगावयाचे आहे. कराचा न्याय केवळ वसुलीत पाहून भागत नाही आणि केवळ खर्चात पाहूनही भागत नाही. दोन्हींची टोके जुळवून पाहावी लागतात.

आजच्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचे वेतन राज्याच्या अनुदानातून होते. त्यामुळे एजवुडसारखी दरी येथे त्याच स्वरूपात आढळत नाही. १९६२ च्या कायद्याने नागरी भागांतील जमिनी व इमारतींवर राज्याचा शिक्षण उपकर बसवला आणि तो मालमत्ता कराच्या देयकासोबत वसूल होत आला आहे. प्रश्न उरतो तो वेगळाच. ज्या सुखवस्तू सोसायट्यांतून हा कर येतो, तेथील मुले बहुधा पालिकेच्या शाळेत जात नाहीत. त्या शाळेत जातात ती झोपडपट्टीतील आणि चाळीतील मुले. ‘कर आम्ही भरतो, शाळा त्यांना’ हा सूर मग दिवाणखान्यांतून ऐकू येतो. वास्तविक भाडेकरू ज्या खोलीचे भाडे मोजतो, त्या भाड्यात मालकाच्या घरपट्टीचा वाटा मुरलेला असतोच. पावती तेवढी त्याच्या नावाने फाटत नाही. कर भरूनही करदाता न ठरणारा हा माणूस आणि लोकल फंडाचा आणा मोजणारा तो कुणबी यांच्यात फारसे अंतर नाही.

२००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अंमलात आला. जे रॉड्रिगेजला १९७३ साली त्याच्या देशाच्या संविधानात सापडले नाही, ते भारतीय मुलाला अक्षरात मिळाले आहे. हक्क एकदा मान्य झाला की कर भरणे हे शाळेच्या दारावरचे तिकीट राहत नाही. ते एका पिढीने दुसऱ्या पिढीचे फेडावयाचे देणे होते. ज्याचे मूल त्या शाळेत जात नाही, त्यालाही ते चुकत नाही. कारण त्याच शाळेत शिकलेल्या माणसांच्या आधारावर त्याचे शहर उभे असते. असे असता पट्टी किती असावी, यावर वाद होत राहील आणि तो व्हावाही. मात्र त्या वादात फुले यांनी विचारलेला साधा प्रश्न प्रत्येक सभागृहात पुनःपुन्हा विचारला गेला पाहिजे : शिक्षणाच्या नावाने घेतलेला आणा शाळेपर्यंत पोचला काय?