सार-भाताची वेळ

डोंबिवलीची संध्याकाळ स्टेशनच्या पुलावर सुरू होते. सातच्या पुढची एखादी फास्ट लागली की लोंढा जिना चढतो, वर पूर्वेचा आणि पश्चिमेचा असा फुटतो आणि खाली उतरताच भाजीवाल्यांच्या टोपल्यांपाशी रेंगाळतो. सीएसएमटी इथून 48 किलोमीटर. नशीब असेल तर चौथी सीट, नाहीतर पंख्याखालची जागासुद्धा भांडून मिळवायची. सकाळी बसायला मिळावं म्हणून उलटं कल्याणला जाऊन त्याच गाडीने मुंबईला निघणारी माणसं या गावात आहेत. असा दिवस अंगावर घेऊन शेवटी ओट्याशी उभं राहायचं असतं.

बायकांच्या डब्यात निम्मी तयारी गाडीतच उरकते. घाटकोपरला मांडीवर उघडलेली मेथीची जुडी दिवा येईपर्यंत निवडून झालेली असते; देठ एका पिशवीत, पानं दुसरीत. आणि तेवढंही त्राण नसेल तर गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेतच. पोळ्या मोजून घ्यायच्या, भाजी वजनावर, आमटी गाठ मारलेल्या पिशवीत. स्वयंपाक विकत आणायची लाज या शहराने फार पूर्वीच सोडली, आणि बरं केलं.

तरी सार मात्र घरी होतं. मला याची गंमत वाटते. पोळ्या विकतच्या, उसळ विकतची, आणि गॅसवर टोमॅटोचं सार. कारण त्याला कष्टच नाहीत. भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात चार टोमॅटो ठेवले की भाताबरोबर तेही शिजतात. चिमटीत धरून ओढलं की साल अख्खी सुटून येते. मिक्सरमधून काढायचं, गाळायचं, पाणी, मीठ, चिमूटभर तिखट, गुळाचा खडा. उकळी फुटली की कढल्यात तूप. तूप तापलं, जिरं फुललं, हिंग पडला, आणि कढीपत्ता टाकून एक पाऊल मागे सरकायचं. पावसाळ्यात वारा फिरला की कारखान्यांच्या पट्ट्याकडून एक उग्र वास खिडकीतून आत येतो. त्या फोडणीपुढे निदान पाच मिनिटं त्याचं काही चालत नाही.

टोमॅटो तसा अमेरिकेतून आलेला पाहुणा. कोकणातून इथे येऊन राहिलेल्या घरांचं जुनं सार आमसुलाचं. रातांब्याची वाळवलेली सालं भिजवून, उकळून केलेलं, किरमिजी रंगाचं. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा आमच्याकडे वरच्या फळीवरचा आमसुलांचा डबा पुन्हा खाली आला. भाजीवाल्या मावशींनीच सुचवलं, ‘‘ताई, महिनाभर कोकमावर काढा.’’ स्वतःचा माल न विकण्याचा सल्ला देणारी विक्रेती फक्त रोजच्या गिऱ्हाइकालाच भेटते.

या साराला खरं तर नारळाचं दूध हवं. पण नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि त्यानंतर उकळू द्यायचं नाही. आंबट आणि आच एकत्र आली की दूध फाटतं, वर पांढऱ्या कण्या तरंगतात. एका पंगतीला सगळे बसणार असतील तर ठीक. इथे मात्र मुलगी क्लासहून साडेआठला येते, सून नऊच्या गाडीने, मुलाचं ऑफिस त्याला दहाच्या आत सोडत नाही, आणि मेगाब्लॉक असेल त्या रविवारी कामावर गेलेल्याचा तर भरवसाच नाही. पातेलं रात्रीत तीनदा गॅसवर चढणार. तेव्हा नारळ गाळायचा. माझा असा पक्का समज आहे की आमच्याकडच्या साराची कृती आजीने नाही, रेल्वेच्या वेळापत्रकाने ठरवली. पाहुण्यांना ते पातळ वाटतं. वाटू दे. उशिरा येणाऱ्याला तेच लागतं. तो सॅक खुर्चीवर टाकतो, हात-पाय धुतो आणि ताटाकडे न बघताच बोलतो.

‘‘आई, भात नको. नुसतं सार दे, मगात.’’

‘‘अरे, दुपारी काय खाल्लंस?’’

‘‘वडापाव.’’

‘‘मग थोडा भात घे.’’

‘‘नको गं.’’

‘‘पापड भाजू?’’

‘‘भाज. दोन भाज.’’