टिटवीपासून मृगाच्या किड्यापर्यंत

परभणी
10 मे



परभणी जिल्ह्यात उन्हाळा हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा हंगाम आहे. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो, रब्बी निघाल्यावर काळी रानं उघडी पडतात आणि शिवारात सगळी सामसूम वाटते. पण याच दिवसांत टिटवी अंडी उबवत असते, वेडा राघू पिल्लांना चारत असतो आणि कीटकांच्या कित्येक पिढ्या जमिनीखाली वळवाची वाट पाहत असतात. हौशी निरीक्षकाला या काळात पाहण्यासारखे भरपूर आहे.

सुरुवात टिटवीपासून करावी. टिटवी घरटे बांधत नाही. नांगरटीत किंवा माळावर उथळ खळगी करून ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांची निमुळती टोके मधोमध वळलेली असतात. मातकट रंगावर काळे डाग असल्याने दोन पावलांवरूनही ती ढेकळांत ओळखू येत नाहीत. भर दुपारी नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी, असा शेतकऱ्यांचा आडाखा आहे. तो पडताळायचा तर अंड्यांची जागा आणि त्या वर्षीचा पाऊस, दोन्ही सलग पंधरा-वीस वर्षे लिहून ठेवावे लागतील.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी मातीच्या दरडींत वेडा राघू चोचीने बीळ कोरतो. पकडलेली मधमाशी तो फांदीवर आपटून तिची नांगी निकामी करतो आणि मगच गिळतो. नीलपंख जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात सोडते. 'कुहू' ही साद काळ्या नराची असते. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी किक्-किक् असा आवाज काढते. जिंतूर तालुक्यात पूर्णेवरच्या येलदरी धरणाचे पाणी मागे सरले, की उघड्या पडलेल्या चिखलावर शेकाटे आणि बगळे चरताना दिसतात.

पावशा आणि चातक यांच्या नोंदींचा अर्थ मात्र वेगवेगळा लावावा लागतो. पावशा इथेच राहतो. थंडीत तो गप्प असतो आणि उन्हाळा सरत आला की 'पेर्ते व्हा'चा घोष लावतो. म्हणून त्याची पहिली साद ऐकली तो दिवस तो बोलू लागल्याचा असतो, आल्याचा नव्हे. चातक मात्र आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या तोंडावर येतो, त्यामुळे तो प्रथम दिसला ती तारीख आगमनाची ठरते. दोघेही पिल्ले वाढवण्याचे काम सातभाईंवर टाकतात. हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांच्या बाबतीत उलटे असते. त्या मध्य आशियात विणीला परततात, म्हणून त्यांचा शेवटचा थवा कधी दिसला ते टिपायचे.

कीटकांसाठी रस्त्याकडेची रुई हे चांगले ठिकाण. वैशाखातही ती हिरवी असते. बिबळ्या कडवा या केशरी फुलपाखराची मादी तिच्या पानावर एकेक अंडे घालते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी रुईचा विषारी चीक पचवते. तेच विष पुढे फुलपाखराच्या अंगात राहते आणि पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब आणि बाभळीवर जमतात. रात्री पाला खातात आणि पहाटे पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या उसाच्या आणि सोयाबीनच्या मुळ्या कुरतडतात. भुंगेरे कधी निघाले हे वेळीच कळले, तर रात्री झाडे हलवून ते गोळा करता येतात. इथे निरीक्षकाची एक तारीख शेतकऱ्याच्या थेट उपयोगी पडते. पंख फुटलेली वाळवी वारुळातून उडते, तेव्हा कोतवाल, साळुंक्या आणि घारी तिच्यावर तुटून पडतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसानंतर, मखमली लाल मृगाचा किडा बांधावर चालू लागतो. नाव किडा असले तरी त्याला आठ पाय असतात. तो कोळ्याच्या आणि विंचवाच्या वर्गातला आहे.

नोंदीत तारीख, वेळ, शिवार, झाड किंवा जमीन, संख्या आणि वागणूक एवढे हवेच. उदाहरणार्थ: '3 मे, सकाळी 7.10, ओढ्याकाठची नांगरट. टिटव्या 2, अंडी 4. एक पक्षी अंड्यांवर, दुसरा ओरडत घिरट्या घालतो.' नेहमीचे पक्षीही टाळू नयेत. शोधूनही जो दिसला नाही, तोही लिहावा. टिटवीच्या अंड्यांजवळ दुपारी थांबू नये. ती उठून गेली, की उघडी अंडी उन्हात भाजतात.

अशा नोंदी ठेवणाऱ्या हौशी लोकांचा निसर्गाच्या अभ्यासात मोठा वाटा आहे. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. परभणी निजामाच्या राज्यात होती, त्या काळात, 1931-32 मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'ने पक्ष्यांची गावोगावची नावे जपली. 1972 पासून परभणीत असलेल्या कृषी विद्यापीठामुळे पिकांवरच्या किडींचा अभ्यास इथे होतो. गावागावांतील पहिल्या सादेच्या, पहिल्या भुंगेऱ्याच्या आणि शेवटच्या थव्याच्या तारखा मात्र त्या त्या शिवारात राहणाऱ्यानेच लिहायच्या असतात.