तीन लाख चाळीस हजार किलोमीटर आणि पुढचं पासिंग



भात झोडून झालं, मांडव उतरले, आता जरा गाडीचा विषय घेतो. आमची महिंद्रा कमांडर १९९६ ची, फोर-व्हील, एमएच-०६ नंबरची. २००३ ला जुनी घेतली तेव्हा ८४ हजार किलोमीटर चाललेली. आज वहीप्रमाणे ३ लाख ४० हजार. मार्च २०२६ ला तिचं पासिंग संपतंय आणि घरात वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, स्क्रॅपला द्या, हप्त्यावर नवीन पिकअप घेऊ." तो उगीच बोलत नाही. म्हणून दोन्ही बाजू इथं मांडतो. ज्यांच्या दारात जुनी जीप आहे त्यांना उपयोग होईल.

आधी तिला काम काय ते सांगतो. शेत पनवेलच्या पूर्वेला, माथेरानच्या डोंगराखाली. पावसाळ्यात शिराळी, कारली, काकडी. शेतापासून डांबरापर्यंत दीड किलोमीटर चिखल आणि मध्ये एक ओहोळ. जुलैत तिथं साधा पिकअप पोटापर्यंत रुततो. डांबराला लागलं की वाशीचं एपीएमसी, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. भाजीपाल्याचा बाजार मुंबईतून तिथं आला तोही १९९६ लाच, म्हणजे गाडी आणि बाजार एकाच वयाचे. माल रात्री अकराला पोचतो, विक्री पहाटे. मधले तीन-चार तास बाजूच्या लांब सीटवर गोधडी टाकून झोपायचं. शहरातले लोक आता झोपायची सोय असलेल्या गाड्या हौसेनं घेतात. आपली ती सोय बावीस वर्षांपासून आहे, फक्त हूड गळता कामा नये.

आता ती एवढी चालली कशी ते.

पहिलं, इंजिन. हे २५२३ सीसीचं डीआय इंजिन मूळ इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या घराण्यातलं. स्ट्रोक तोच, १०१.६ मिलिमीटर, बोअर वाढवलेला. ट्रॅक्टरचं काम येणाऱ्या मिस्त्रीला ते परकं वाटत नाही. पळायला मंद, पण कमी आरपीएमला ओढ चांगली. एकदाच उघडलंय, २०१४ ला, २ लाख १० हजारावर. लायनर, पिस्टन, बेअरिंग नवीन, नोझल आणि पंप सेटिंग. त्यानंतर हेडला हात लावावा लागला नाही.

दुसरं, ऑइल किलोमीटरवर बदलू नका, तासावर बदला. ही गोष्ट ट्रॅक्टरवाल्याला लगेच कळेल. रस्त्यावर गाडी तासाला ४० किलोमीटर जाते, शेतात लो गिअरला ५. म्हणजे २०० तासांत रस्त्यावर ८ हजार किलोमीटर होतात आणि चिखलात फक्त १ हजार. मीटर म्हणतो गाडी चाललीच नाही, पण इंजिन तेवढंच झिजलेलं असतं. मी वहीत शेताचे तास वेगळे लिहितो. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा ऑइल-फिल्टर, मीटर काहीही दाखवो.

तिसरं, फोर-व्हीलचा दांडा. कोरड्या डांबरावर तो टाकून चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि या गाडीत मधे डिफरन्शियल नाही. तो ताण टायरवर, क्रॉसवर आणि गिअरवर जातो. चिखलात टायर थोडा घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. टायरही चारही एकाच साइजचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. मागे दोन नवीन, पुढे दोन गुळगुळीत असं केलंत तर फोर-व्हील टाकल्यावर हाच ताण येतो.

चौथं, पाणी. ओहोळातून चाक बुडेपर्यंत गाडी गेली की गरम एक्सल एकदम थंड होतो आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढतो. आठवड्यात एकदा डिफरन्शियलचा खालचा बोल्ट जरा सैल करून ऑइल बघायचं. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्याच दिवशी काढून नव्वद नंबर भरायचं. क्रॉसला आणि शॅकलला दर आठवड्याला ग्रीस, जुना चिखल बाहेर पडेपर्यंत.

पाचवं आणि सगळ्यात मोठं म्हणजे गंज. वाशी-तुर्भ्याकडं खाडीची खारी हवा, शेतात चार महिने ओल. इंजिन दुरुस्त होतं, पाटे बदलता येतात, पण चेसिस गेली की गाडी गेली. दर दिवाळीला चेसिस धुवून, वाळवून, तारेच्या ब्रशनं घासून रेडऑक्साइड आणि वर काळा रंग. काही जण जळकं ऑइल फासतात. ते रबरी बुश खराब करतं आणि ब्रेकजवळ गेलं तर जिवावर बेतेल.

आता मुलाची बाजू. गेल्या पाच वर्षांत दुरुस्ती, टायर, क्लच, ऑइल धरून १ लाख ८५ हजार गेले, वर्षाला ३७ हजार. गाडी वर्षाला ११ हजार किलोमीटर चालते, लिटरला ११ देते. नवीन गाडी १४ देईल, म्हणजे वर्षाला दोनशेवर लिटर डिझेल वाचेल, साधारण १९ हजार रुपये. म्हणजे जुनीचा बोजा ५६ हजार. नवीनचा हप्ता महिना १८ हजार धरला तर वर्षाला २ लाख १६ हजार, वर किरकोळ खर्च. आमच्या दोन एकर भाजीला हा हप्ता पेलत नाही. शिवाय नवीन फोर-व्हील घेतली तर आकडा अजून वाढतो.

पण पैशात न बसणाऱ्या गोष्टी मुलाच्या बाजूनं आहेत. या गाडीत एअरबॅग नाही, ब्रेक जुन्या पद्धतीचे, आणि रात्री सायन-पनवेल हायवेवर आता तोच चालवतो. कारली थांबत नाही, गाडी वाटेत राहिली तर सकाळी पडेल त्या भावाला द्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार केली, पर्यावरण कर वेगळा.

मग ठरवलंय असं. पासिंगच्या आधी तीन परीक्षा. चेसिसवर पाट्यांच्या हँगरजवळ हातोडी मारायची, ठण्ण वाजलं तर पास, भद्द वाजलं तर नापास. धूर पीयूसीत प्रामाणिकपणे बसला पाहिजे. भरल्या गाडीला उतारावर ब्रेक सरळ लागला पाहिजे, एका बाजूला ओढता कामा नये. हातोडी मुलाच्या हातात देणार आहे, माझ्या नाही, कारण मला भद्द पण ठण्ण ऐकू येईल. एकातही नापास झाली तर कुरकुर न करता अधिकृत स्क्रॅप केंद्रावर देईन. तिन्हीत पास झाली तर अजून पाच वर्षं, आणि हायवेला फक्त दिवसा. रात्रीचा माल गावातल्या सामायिक टेम्पोनं.

तुमच्याकडं जुनी फोर-व्हील असेल तर तिचे शेतातले तास लिहायला आजपासून सुरुवात करा. दहा रुपयांची वही पुरते.