सोनेरी डॉलरचा भाव

अमेरिकेने 2007 ते 2016 या काळात दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे चेहरे असलेली एक डॉलरची नाणी काढली, वर्षाला साधारण चार. रंग सोनेरी, पण सोन्याचा कणही नाही. तांब्याच्या गाभ्यावर मँगनीजमिश्रित पितळ. स्मारक नाणे म्हटले की पुढे भाव चढणारच, हा समज इथे टिकत नाही. लोकांना खिशात नोटच हवी होती. डॉलरची सुमारे 1.4 अब्ज नाणी फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत साचली आणि डिसेंबर 2011 मध्ये सरकारने चलनासाठी ती पाडणे थांबवले. कोणी म्हणेल, 2012 पासूनची नाणी तर कमी निघाली, ती दुर्मीळ नव्हेत का? कमी निघाली खरी. पण ती मुख्यतः संग्राहकांसाठीच होती आणि त्यांनी ती जपली. झिजणे नाही, हरवणे नाही, मग टंचाई येणार कुठून? जास्त भाव मिळाला तो टांकसाळीच्या चुकीला. वॉशिंग्टनच्या काही नाण्यांच्या कडेवर अक्षरे उमटलीच नव्हती. पण तशी नाणी हजारोंनी सापडू लागली आणि सुरुवातीचा चढा भाव उतरला. राष्ट्राध्यक्षांचा क्रम हाताळता येतो म्हणून संच जरूर जमवावा. मात्र हातोहात फिरलेले साधे नाणे आजही साधारण एक डॉलरचेच आहे.