तो तुझा कोण लागत होता?

२००९ सालचा नाताळ. आमच्या बालाघाटला डिसेंबरात थंडी चांगलीच पडते, म्हणून मी गच्चीवर उन्हात आवळे वाळत घातले होते. ते हलवायला वर गेले तर माझा लेक पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला. कानात इअरफोन, मान खाली आणि खांदे हलत होते. अठरा वर्षांचा मुलगा, जबलपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. लहानपणी सायकलवरून पडून हात मोडला तेव्हासुद्धा हा असा रडला नव्हता. माझ्या पोटात धस्स झालं.

"काय झालं रे?"

"आई, असीम गेला."

"कोण असीम? तुझ्या होस्टेलमधला?"

"नाही गं. इंडियन ओशनचा. असीम चक्रवर्ती. गाणारा."

एका क्षणात माझी भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. मी म्हटलं, "तो तुझा कोण लागत होता? आबाजी गेले तेव्हा तर तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता!"

त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. इअरफोनची वायर गुंडाळली आणि खाली निघून गेला. बोलला काही नाही. त्या दिवशी संध्याकाळी दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली, त्याचं ताट तसंच राहिलं.

माझ्या बोलण्यामागचं सांगते. त्याच्या आधी तीनच महिन्यांनी माझे सासरे गेले होते. या नातवाला त्यांनी खांद्यावर बसवून वैनगंगेवर नेलं, णमोकार शिकवला, पाढे शिकवले. ते रात्री गेले. आमच्यात अंत्यविधीला उशीर करत नाहीत. जबलपूरहून छोट्या लाईनीच्या गाडीने यायचं म्हणजे अख्खा दिवस जायचा. लेक घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्याने बॅग ठेवली, आजीच्या पाया पडला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आलेल्या बायका म्हणत होत्या, "रड रे बाळा, मोकळा हो." हा ढिम्म. दोघी-तिघींनी नंतर मला बोलूनही दाखवलं, "नातू काही रडला नाही बरं का." ते मला लागलं होतं. मी ते मनात ठेवलं आणि तीन महिन्यांनी गच्चीवर काढून त्याच्या अंगावर फेकलं.

आता या इंडियन ओशनविषयी. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की आमच्या घरात सुट्टीत सकाळ-संध्याकाळ तेच वाजतं. नंतर हळूहळू समजत गेलं. दिल्लीची मंडळी. सुस्मित सेन गिटारवर आणि असीम चक्रवर्ती तबल्यावर, अशा दोघांनी १९९० साली हा बँड सुरू केला. पुढे राहुल राम आला, मग ड्रम वाजवणारा अमित किलम. रॉक बँड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर केस पिंजारून ओरडणारी माणसं यायची. इथे तर एक माणूस मांडी घालून तबला वाजवतोय आणि वाजवता वाजवताच गातोय. गाणी लांबलचक. मधेच शब्द संपतात, नुसते सूर चालू राहतात.

२००० साली त्यांची 'कंदिसा' नावाची कॅसेट आली. त्यातलं कंदिसा हे गाणं म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची फार जुनी प्रार्थना, भाषा अरामी. मी लेकाला विचारलं, "तुला यातलं एक अक्षर तरी कळतं का?" म्हणाला, "नाही. पण तू रोज म्हणतेस ती प्राकृत तुला कुठे बोलता येते?" सासूबाई आतून हसल्या. त्यांच्यापुढे मला काही उत्तर सुचलं नाही.

त्याच कॅसेटमध्ये 'माँ रेवा' आहे. रेवा म्हणजे आपली नर्मदा. हे नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत. राहुल राम अमेरिकेतून पीएचडी करून आला आणि नर्मदा आंदोलनात राहिला, तिथे त्याला हे गाणं मिळालं. ज्या गाण्यावर आमच्याकडचे परकम्मावासी चालतात त्या जातीचं हे गाणं दिल्लीहून गिटारवर बसून पुन्हा मध्य प्रदेशात माझ्या मुलाच्या मोबाईलमध्ये आलं. आम्ही वैनगंगेकाठचे, पण मुलगा नर्मदेकाठी शिकायला गेलेला. होस्टेलमधल्या कुणा सिनियरने त्याला पेन ड्राइव्हमध्ये ही गाणी दिली होती.

गच्चीवरच्या त्या प्रसंगानंतर आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नाही. पण माझं लक्ष जायला लागलं. जॉन लेननला १९८०च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या घरापाशी गोळ्या घातल्या तेव्हा शेकडो माणसं त्या घरासमोर जमून रडत होती, असं कुठेतरी वाचलं. त्याच्या पुढच्या रविवारी देशोदेशी लोक दहा मिनिटं स्तब्ध उभे राहिले. क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी मुलगा, शाळेतच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला. तो १९९१ साली गेला. तो जिवंत असताना ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुलं आज त्याच्यासाठी हळवी होतात. म्हणजे माझाच मुलगा काही जगावेगळा नव्हता.

या नात्याला अभ्यासकांनी नावही दिलेलं आहे. हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांबद्दल लिहिलं की ऐकणाऱ्याला वाटतं हा माझ्याशीच बोलतोय, पण बोलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. त्याला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटलं. एकतर्फी ओळख म्हणा ना. नाव कळलं, पण माझं समाधान झालं नाही. एकतर्फी असेल, तर मग एवढं रडू का?

त्याचं उत्तर मला २०१५ साली गाडीत मिळालं.

आमची छोटी लाईन बंद होणार, मोठी होणार, असं बरीच वर्षं चाललेलं होतं. त्या वर्षी ते खरंच ठरलं. लेक तेव्हा पुण्याला नोकरीला. फोन करून म्हणाला, "आई, बंद व्हायच्या आत आपण दोघं एकदा त्या गाडीने जाऊ." तो जबलपूरला उतरला, मी मावसबहिणीकडे जाऊन राहिले होते, आणि सकाळी आम्ही दोघं बालाघाटच्या गाडीत बसलो. लाकडी बाकं, खिडकीतून हात काढला तर सागाच्या पानांना लागेल असं वाटावं. माझ्याजवळ दशम्या आणि लिंबाचं लोणचं.

जबलपूर सोडलं की नर्मदेचा पूल येतो. सगळ्या डब्यातले हात जोडले गेले, कुणी नाणी टाकली. लेकाने खिशातून इअरफोन काढला, एक बोंडूक आपल्या कानात घातलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. मी कानाला लावलं. 'माँ रेवा' चालू होतं. खाली नर्मदा, कानात नर्मदा. मी गप्प बसले.

पूल संपल्यावर तो म्हणाला, "आबाजी गेले ना, तेव्हा मी याच गाडीने आलो. इथून बालाघाटपर्यंत हेच एक गाणं लावून ठेवलं होतं. नैनपूरपर्यंत रडत होतो. समोर एक म्हातारी होती, ती घाबरली बिचारी, मला पेरू दिला. घरी आलो तेव्हा रडायला काही उरलंच नव्हतं आई. आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते."

मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. खिडकीबाहेर बघत राहिले. सहा वर्षं हा मुलगा माझं ते वाक्य घेऊन फिरला होता. उलटून एकदाही बोलला नव्हता. मी एवढंच म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तू विचारलं नव्हतंस. तू सांगितलं होतंस."

तेव्हा मला समजलं की गच्चीवर तो कुणासाठी रडत होता. असीमला तो कधी भेटला नव्हता, समोर बसून ऐकलंही नव्हतं. पण त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी, आई-वडील दूर असताना, जो आवाज सोबत होता तो त्या बँडचा. त्या दिवसाचा तो साक्षीदार होता. आम्ही सगळे घरी होतो, सांत्वनाला माणसांनी ओसरी भरली होती, पण आम्हाला त्याच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं. गाणं कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. रड म्हणत नाही, रडू नको म्हणत नाही, उद्या चार जणींत सांगतही नाही. माणूस अशा साक्षीदाराला विसरत नाही. आणि तो गेला की आपलं ते दुःख पुन्हा ताजं होतं, कारण ते माहीत असलेला एकजण कमी झालेला असतो.

चाहते बँडला 'आमचा' म्हणतात ते यासाठी असावं. गाणं हजारो लोक ऐकतात, पण प्रत्येकाने त्यात आपलं काहीतरी ठेवलेलं असतं. कुणी पहिली नोकरी गेली तो दिवस, कुणी तुटलेलं लग्न. त्या लांबलचक सुरांमध्ये शब्द नसतात, तिथे आपलं ठेवायला जागा असते. आणि मग कार्यक्रमाला गेलं की बाजूचा अनोळखी माणूस त्याच ओळीला डोळे मिटतो, तेव्हा वाटतं, यानेही इथेच काही ठेवलंय. लेक २०१२ मध्ये पुण्यात त्यांच्या कार्यक्रमाला गेला होता. असीम नव्हता. पण म्हणाला, "सगळे त्याच्या जागी गात होते."

आपण देवळात तरी काय करतो? भगवंत वीतराग, ते काही देत नाहीत, बोलत नाहीत, रागावतही नाहीत. तरी संसारात कुठे न बोललेलं आपण तिथे उभं राहून मनातल्या मनात बोलतो आणि हलके होऊन घरी येतो. मी गायकाची आणि देवाची बरोबरी करत नाही, आमच्या मंडळातल्या भगिनींनी गैरसमज करून घेऊ नये. गायक रागी, देव वीतरागी. पण उत्तर न देणाऱ्यापुढेही मन मोकळं होतं, हे आपल्याला तरी नवीन नाही.

असीम गेल्यानंतरची एक गोष्ट मला फार आवडते. जाण्याआधी त्याने काही गाणी गाऊन ठेवली होती. बँडने ती २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' या नावाने आणली. दिल्लीतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. गाणी एकेक करून, फुकट, कुणीही उतरवून घ्यावीत अशी सोडली. माणूस गेलाय आणि काही दिवसांनी त्याचं नवं गाणं येतंय. लेक तेव्हा होस्टेलवर त्या गाण्यांची वाट बघायचा. त्या दिवसांतही तो फोनवर मला फक्त "जेवलो" एवढंच सांगायचा, आणि मला वाटायचं, सगळं ठीक आहे.

आता माझी गोष्ट.

माझं माहेर कारंजाचं. घरी दिवेलागणीच्या आत जेवणं व्हायची, त्यामुळे रात्री आठला ओटा धुऊन आम्ही बहिणी मोकळ्या. बुधवारी आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, खरखरायचा. अमीन सायानी भावांच्या आधी बहिणींना हाक मारायचे. आमच्या घरात भावांच्या आधी आम्हाला कुणी कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. १९८७ मध्ये बारावी झाले. मला नागपूरला शिकायला जायचं होतं. वडील नाही म्हणाले, पुन्हा विषय काढू नको म्हणाले. तो बुधवार होता. मी अंधारात रेडिओपाशी बसून रडले. वर सगळ्यांना वाटलं, पोरगी गाणी ऐकतेय. पुढे गावातच बी.ए. केलं, वीस वर्षांची असताना लग्न होऊन बालाघाटला आले.

२०२४च्या फेब्रुवारीत अमीन सायानी गेल्याची बातमी टीव्हीवर आली. मी मेथी निवडत होते. हात थांबले, आणि डोळे कधी वाहायला लागले कळलंच नाही. हे म्हणाले, "अगं, एक्क्याण्णव वर्षांचे होते ते. आणि आपले कोण होते?"

मी काही बोलले नाही. हेच वाक्य मी गच्चीवर बोलले होते.

अर्ध्या तासाने पुण्याहून फोन आला. लेक म्हणाला, "आई, बातमी पाहिली. बरी आहेस ना?" मग थोडा थांबून म्हणाला, "सांग ना, तू कुठे बसून ऐकायचीस?"

मेथी तशीच ठेवून मी त्याला त्या बुधवारची गोष्ट सांगितली. ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती. दिवस मावळायला आला होता, स्वयंपाक व्हायचा होता. यांना म्हटलं, आज तुम्ही जरा खिचडी टाका.